अंगाऱ्याचं बोट

पूनमनं सासूचं मनगट अर्ध्या वाटेतच धरलं.

"आत्या, थांबा."

सोनाबाईंचं अंगाऱ्यानं माखलेलं बोट बाळाच्या कपाळाजवळ येऊन थबकलं. नेहमीसारख्याच त्या सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आल्या होत्या. पुडी सोडून आधी स्वतःच्या ओठाच्या कोपऱ्यावर उठलेल्या फोडांना अंगारा लावला होता आणि तेच बोट घेऊन पाळण्यावर वाकल्या होत्या.

"त्या बोटानं नगा लावू. फोडाला लागलंय ते."

"अगं, अंगातला जर उतरलाय ओठावर. दर उन्हाळ्यात उतरतो. आन् अंगारा देवाचाच हाय की."

"अंगारा देवाचा हाय. फोड तुमचा हाय ना?"

पूनमचा आवाज चढला नव्हता, पण मनगट तिनं सोडलं नाही. सोनाबाईंनी हात ओढून घेतला, बोट पदराला पुसलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. बाळाच्या अंघोळीचं पाणी त्यांनी तापवून दिलं ते उंबऱ्याच्या अलीकडूनच.

डबा घ्यायला आलेल्या ऋतुराजनं विचारलं, "आई, आज पाळण्यापाशी गाणं न्हाय व्हय?"

"बायकोला इचार तुज्या. माजा हात बाटलाय म्हणं."

पूनमनं ते ऐकलं. बाळाला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "ऊन उतरलं की दवाखान्यात जाऊ, आत्या. माझ्यापेक्षा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तुमाला पटंल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बॅटरीच्या उजेडात ओठ पाहिला.

"नागीण न्हवं ना?" सोनाबाईंनी विचारलं.

"नाही. दुखतंय?"

"दुखतंय, पर ते माज्याच करणीनं." सोनाबाईंनी पदर सारखा केला. "सोमवारी नैवेद्याच्या आमटीचं मीठ चाखलं मी. देवाच्या आधी. तवाच म्हटलं, आता उठणार. म्हणून मंगळवारचा उपास बी धरला."

"आणि उपाशीपोटी देवळात गेलात? चालत?"

"व्हय. अनवाणी."

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी बंद केली. "आजी, ही शिक्षा नाही कसली. हा विषाणू असतो. एकदा अंगात शिरला की जन्मभर झोपून राहतो. ताप आला, ऊन लागलं, दगदग झाली की जागा होतो. तुम्ही त्याला उपास धरून उठवताय."

पूनम हसू आवरत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागली.

"ओठ चुरचुरायला लागला की लगेच हे मलम लावायचं आणि हात साबणानं धुवायचे. टॉवेल, पेला वेगळा ठेवा. खपली पडून कातडी नीट होईपर्यंत बाळाचा मुका घ्यायचा नाही. मोठ्या माणसाला याचं फार काही होत नाही. पण तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं."

सोनाबाईंनी पूनमकडे पाहिलं. मग स्वतःच्या बोटाकडे.

"मग मला कुटनं लागलं हे?"

"बहुतेक लहानपणीच. कुणीतरी लाडानं मुका घेतला असेल."



"माज्या आईला बी जर उतरायचा," सोनाबाई म्हणाल्या. "मोडनिंबचा बाजार करून उन्हातनं यायची. ओठ सुजल्याला. पाटी खाली ठेवायच्या आदी मलाच उचलायची."

त्यांचा हात ओठाकडे निघाला, मध्येच थांबला आणि पुन्हा मांडीवर जाऊन बसला.



दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणि केळं खाऊन, पायात चप्पल घालून सोनाबाई देवळात गेल्या. आल्यावर मोरीत बसून त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. मग बेलाच्या पानावर चिमूटभर अंगारा काढला आणि ते पान पूनमपुढं धरलं.

"तू लाव बाळाला."

लग्न झाल्यापासून पूनम देवाला लांबूनच हात जोडायची; देवाचं सगळं सोनाबाईंच्याच हातानं व्हायचं. तिनं पानाकडे पाहिलं. "माझं बोट चालंल देवाला?"

"धुतलंस न्हवं?"

पूनमनं बाळाच्या कपाळावर अंगारा टेकवला. सोनाबाईंनी उंबऱ्याशीच उभं राहून दोन्ही हात हवेत ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. त्या आवाजानं बाळानं डोळे मोठे केले.

"बघ, पोचलं," सोनाबाई म्हणाल्या.

पानावर थोडा अंगारा उरला होता. पूनम पान घेऊन उंबऱ्याशी आली.

"वाका जरा, आत्या."

सोनाबाई वाकल्या. पूनमचं बोट कपाळाला लागलं तसे त्यांचे डोळे मिटले. आई गेल्यापासून त्यांच्या कपाळाला दुसऱ्या कुणी अंगारा लावला नव्हता. त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या.

मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "आता हात धू."