जहाजावर नसलेला माणूस

पाकीटवाल्याला नुसतं पाकीट हवं असायचं, आतलं पत्र गेलं चुलीत! गल्लीत सगळे त्याला पाकीटवालाच म्हणायचे आणि तोही खुशाल ओ द्यायचा. त्याच्याकडे एकाच युद्धनौकेचं टपाल होतं, एका विनाशिकेचं. ती पाण्यात उतरली त्या दिवसाचा शिक्का, तिच्या टपालखोलीचे गोल शिक्के, सरळ, वाकडे, पुसट, सगळे. स्वतःच्याच नावापत्त्याची पाकिटं जहाजावर धाडायची, शिक्का मारून परत मागवायची आणि न उघडता वहीत लावायची, हा त्याचा उद्योग. उघडायचं तरी कशाला म्हणा, आत कोराच कागद असायचा.

"एवढ्या देखण्या जहाजाला विनाशिका म्हणतात होय रे?" आत्या विचारायची. "कुणा मेल्याला सुचलं हे?"

या आत्यानेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, आणि तो मोठा झाला यावर तिचा अजून विश्वास नव्हता. मोजे घातल्याशिवाय ती त्याला उंबऱ्याबाहेर सोडत नसे. तो जिन्यात ते काढून खिशात कोंबायचा.

आता संग्रहात एकच शिक्का नव्हता आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. पत्रावरच्या नावाचा माणूस जहाजावर सापडला नाही, की टपालखोलीतला नौसैनिक जांभळा चौकोनी शिक्का मारायचा, 'या नावाचा कोणी जहाजावर नाही', आणि पत्र परत. समोरच्या दंतवैद्याकडे असं पाकीट होतं. दाढ उपटतानाही हा गृहस्थ त्याचीच कथा लावायचा, कारण तेव्हा समोरच्याला उत्तर देता येत नाही. जहाज तर लवकरच निवृत्त होणार होतं. त्यानंतर लगेच टपाल-संग्रहांचं प्रदर्शन. तिथे आपल्या चौकटीत मधोमध भोक आणि शेजारी दंतवैद्य दात काढून उभा, या विचारानेच पाकीटवाला ताटावरून उठायचा.

मग त्याने डोकं चालवलं. एक नौसैनिक मनानेच जन्माला घातला, त्याला नाव दिलं आणि पाकिटावर लिहिलं. कोरा कागद घातला तर टपालखोलीत वास लागेल, म्हणून आत्याला म्हणाला, "आत घालायला दोन ओळी खरड काहीतरी."

"कुणाला?"

"कुणालाच नाही गं. असा माणूसच नाहीये."

"अगंबाई, बिचारा!" म्हणत आत्याने चार पानं पाठपोट भरली. एवढ्यानेही भागेना, तेव्हा पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'मोजे घाल.'

पाकीट गेलं ते गेलंच. दुसरं धाडलं, तेही गडप. तिसऱ्याच्या वेळी पाकीटवाला टपालकचेरीत इतक्या खेपा घालू लागला की खिडकीवरची बाई त्याला बघताच पाटी उलटी करायची. आणि एक दिवस आलं की पत्र! पण आत्याच्या नावाने. तिने अंगठ्याने टर्रकन फाडलं, थेट शिक्क्यावरून.

"अगं हळू!" पाकीटवाला कळवळला.

"ऐक तर. 'आत्या, गुडघ्याला शेक देत जा. मी मोजे घालतो.'" खाली त्या नसलेल्या माणसाची झोकात सही.

पाकीटवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. "आत्या, असा माणूस नाही! मी तयार केलाय तो!"

"मग मोजे कोण घालतंय?" आत्याने विचारलं आणि लोकरीचा गुंडा काढला.

आत्याचं सुरूच राहिलं. मोजे गेले, गळपट्टा गेला, पत्रं आली, शिक्के फाटले. शेवटी पाकीटवाल्याने तिच्या नकळत आणखी एक नौसैनिक जन्माला घातला, आत कोरा कागद कोंबला आणि पाकीट टाकलं. आठवड्यात परत! जांभळा, चौकोनी, ठसठशीत शिक्का. तो एकटाच स्वयंपाकघरात नाचला.

प्रदर्शनात चौकटीच्या मधोमध ते पाकीट झळकलं. दंतवैद्याचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. पाकीटवाला छाती काढून परीक्षकांची वाट बघत होता, तेवढ्यात सहा तगडे नौसैनिक दारातून आत घुसले. चौकटींकडे कुणी ढुंकूनही बघेना.

"आत्या कोण?" पुढच्याने विचारलं. "पत्रात इथेच बोलावलं होतं."

आत्या खुर्चीतून उठली. "तुमच्यातला माझा कोणता?"

"मीच!" सहाही जण ओरडले.

आत्याने कमरेवर हात ठेवले. "मोजे?"

सहा जणांनी विजारी वर ओढल्या. लोकरीचे मोजे, वेगवेगळ्या रंगांचे, एकाचा अंगठा बाहेर. आत्याला हसू आवरेना आणि रडूही.

"टपालखोली माझ्याकडे होती," एक जण पाकीटवाल्याला म्हणाला. "मागे 'मोजे घाल' लिहिलेलं, ते परत कसं पाठवायचं हो? म्हटलं, वाटून घेऊ. नंतर दुसऱ्या एका नावाचं आलं, त्याच्या मागे काहीच नाही. म्हटलं, हा नसणारच कुणी." त्याने चौकटीकडे नजर टाकली. "अरे, हेच ते! पण साहेब, एवढी पाकिटं जमवलीत, तुम्हाला पत्रंही भरपूर आली असतील ना जहाजावरून?"

पाकीटवाल्याने चौकटींकडे पाहिलं. भिंतभर पाकिटं, सगळ्यांवर त्याचंच नाव, त्याच्याच अक्षरात. एकही पत्र नाही. त्याला एकाएकी फार वाईट वाटलं.

"हे घ्या." नौसैनिकाने खिशातून एक पाकीट काढलं. जहाजाच्या शेवटच्या दिवसाचा गोल शिक्का, मधोमध, लख्ख. वर पत्ता: 'आत्यांच्या भाच्यास.' "हा शेवटचाच ठसा. मग शिक्का जमा केला."

दंतवैद्य धावतच आला. "उघडू नका! अहो, बंद पाकीट, शेवटचा ठसा! जगात दुसरं नाही! हात जोडतो!"

पाकीटवाल्याने पाकीट उलटंसुलटं केलं. मग अंगठा घातला आणि टर्रकन फाडलं, थेट शिक्क्यावरून. दंतवैद्याने डोळे मिटून घेतले.

"काय लिहिलंय रे?" आत्याने विचारलं.

पाकीटवाल्याने कागद तिच्यापुढे धरला. कागदावर एकच ओळ होती: 'आम्ही सगळे घालतो. तुम्ही?'

त्याने खिशातून मोजे काढले आणि सगळ्यांदेखत, आत्याच्याच खुर्चीत बसून, पायात चढवले.