सतरंजी प्रमुख दोन

सुलभाताईंनी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरीपट सांभाळले आणि निवृत्त झाल्यावर नारायणगुड्याच्या मराठी मंडळाचं कार्यवाहपद. त्यामुळे माणूस समोर आला की त्या आधी त्याला रकान्यात घालत. 'येतो म्हणणारे' हा पहिला रकाना, त्यात सगळं हैदराबाद मावतं. 'येणारे' हा दुसरा, तो अर्ध्या पानात संपतो. तिसरा 'चहाच्या सुमारास येणारे'. त्यांचा भाचा ओमकार मात्र कुठल्याच रकान्यात बसेना, कारण तो कुठे जातच नसे.

नांदेडहून नोकरीसाठी येऊन तो चिक्कडपल्लीत मावशीकडे राहू लागला, त्याला तीन वर्षं झाली होती. माधापूरच्या ऑफिसात जायचं, यायचं, जेवायचं आणि खोलीत बसून जुन्या व्हिडिओ गेमवर संगीत रचायचं. या संगीताला चिपट्यून म्हणतात. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे ते डबे असत ना, उडी मारली की टुईंग आणि मेलं की टूंऽऽ, त्यांच्याच चिपवर अख्खी गाणी बांधायची. चिपकडे आवाज चारच. त्यातला एक नुसता खरखरीचा. "चारांतच सगळं बसवायचं मावशी, पाचवा मागायचा नाही. त्यातच मजा आहे," असं ओमकार सांगायचा. सुलभाताईंना ते पिठाच्या गिरणीत पोपट अडकल्यासारखं ऐकू येई. पण तीन वर्षांत पोराचा चेहरा एवढ्या एकाच विषयावर उजळलेला पाहिला, हे त्यांनी मनाशी टिपून ठेवलं होतं.

जुलैत एकदा जेवताना तो म्हणाला, "बंगळूरला बदली मिळतेय. तिकडे चिपट्यूनवाल्यांचा चांगला चाळीस-पन्नास जणांचा ग्रुप आहे. इथे दिवाळीपर्यंत काही उभं राहिलं तर राहतो, नाहीतर जातो."

"बरं," सुलभाताई म्हणाल्या आणि वरण वाढलं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत हॉल मागणारा अर्ज त्यांनी स्वतःच्या सहीने ठेवला.

अध्यक्ष हिम्मतराव मलकपेठचे. मूळ घराणं परभणीकडच्या शेतीवाडीतलं, पण दोन पिढ्या इथे मुरलेल्या. त्यांनी ओमकारने पाठवलेला नमुना मोबाइलवर अर्धा मिनिट ऐकला, मोबाइल उलटा करून पाहिला.

"सुलभाताई, हे चालू आहे का बिघडलंय?"

"चालू आहे."

"मग ठीक. दुपारी तीन ते पाच, महिन्याचा दुसरा रविवार, असे तीन महिने. तिसऱ्या वेळेला वीस माणसं भरली तर जागा कायमची. नाही भरली तर योगवर्गवाले कधीचे मागतायत. आणि मंडळाचे सभासद मोजायचे नाहीत बरं का. तुम्ही बटाटेवड्याच्या नावाखाली आणून बसवाल, तुम्हाला ओळखतो मी."

सुलभाताईंच्या मनात अगदी तेच होतं. त्यांनी तो बेत मुकाट्याने खोडला.

कार्यक्रमाच्या पहिल्या रविवारी एकतीस जण आले. कोंडापूर, उप्पल, मेहदीपट्टणम, कुठून कुठून मेट्रो बदलत. ओमकारने सकाळपासून राबून सतरंज्या घातल्या, वायरी जोडल्या, पाण्याचे जार आणले, समोसे मांडले, दारात उभं राहून प्रत्येकाला बसा बसा केलं आणि शेवटी वाजवलंही त्यानेच. कुणी वायर उचलायला वाकलं की तो धावत जाई, "अरे नको, तुम्ही बसा ना." मंडळी बसली, माना हलवल्या, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि पाच वाजून सात मिनिटांनी हॉल रिकामा झाला. ओमकार घरी शीळ घालत आला. सुलभाताई दारापाशी वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं होतं की जाताना जिन्यावर कुणी कुणाशी बोललं नाही. एकाच गल्लीत राहणारी दोन पोरं चपला घालून दोन दिशांनी गेली.

दुसऱ्या रविवारी अकरा. त्यातले जुने सहा.

त्या संध्याकाळी ओमकार ताटातला भात चिवडत बसला. "स्पीकर कमी पडले. पोस्टर पण पुण्यासारखं नव्हतं. बंगळूरहून एखादा मोठा कलाकार आणला पाहिजे."

"काम कुणाकुणाला दिलं होतंस?"

"काम? पाहुणे होते ते, मावशी."

"तेच तर. पाहुणा एकदा येतो. दुसऱ्यांदा यायला त्याला लाज वाटते." सुलभाताईंनी पापड मोडला. "आमचे हिम्मतराव बावीस वर्षांत एक कार्यक्रम चुकले नाहीत. गाण्यातलं त्यांना काय कळतं? पण माइकच्या कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला आहे. कुसुमताई गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर नवव्या दिवशी आल्या, कारण हळदीकुंकवाचं तबक दुसऱ्या कुणी नीट लावत नाही अशी त्यांची खात्री आहे. मंडळ गाण्यावर नाही चालत रे बाबा. आपल्याशिवाय अडेल, या गैरसमजावर चालतं."

"मग काय, कार्यकारिणी करू? हे लोक हसतील. ती सरकारी कचेरी नाहीये."

"तू नको करू. मी करते. नंबर दे."

ओमकारने नंबर दिले, कारण त्याला दुसरं काही सुचण्यासारखं उरलं नव्हतं. सुलभाताईंनी दोन रविवारांचे मिळून छत्तीस जण धरले आणि दुपारी दोन ते चार या वेळात एकेकाला फोन लावला. मेसेज नाही, फोन. 'या हं नक्की' असं त्या चुकूनही म्हणाल्या नाहीत. मलकपेठच्या मोहसीनला म्हणाल्या, जुने गेम उघडून दुरुस्त करणारा तूच एक आहेस म्हणे, मग एक टेबल तुझं, दुरुस्ती विभाग. तो म्हणाला, "हौ आंटी, मैं सामान लेके आतूं, परेशान नक्को हो." उप्पलच्या श्रावणीला दार आणि नोंदवही. कुणाला चपला, कुणाला पंखे, कुणाला वायरी, कुणाला चहा, कुणाला फक्त घड्याळ. ज्याला काहीच येत नव्हतं त्याला आभारप्रदर्शन. पुण्याहून आलेली निशिगंधा दोन्ही वेळा येऊन एक अक्षर न बोलता गेली होती. तिला सतरंज्या. "कशा घालायच्या ते तूच ठरव गं, सतरंजी प्रमुख तू." पोरीने विचारलं, "काकू, हॉलचं माप मिळेल का?"

दोन दिवसांनी हिमायतनगरच्या संदेशला फोन लावला तेव्हा वहीचं पान उलटलेलं होतं, आणि सुलभाताईंनी त्यालाही सतरंज्याच दिल्या.

तीस वर्षांत एका हजेरी क्रमांकावर दोन मुलं त्यांनी कधी लावली नव्हती. चूक कळली ती ओमकारच्या तोंडूनच. बुधवारी तो ऑफिसातून आला तो बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

"संपलं मावशी. ग्रुप फुटला."

झालं होतं ते असं. निशिगंधाने आलेखाच्या कागदावर नकाशा काढून ग्रुपवर टाकला, सगळ्या सतरंज्या रांगेत, तोंडं वाजवणाऱ्याकडे. संदेशने विचारलं, हे कुणी ठरवलं, प्रमुख मी आहे. त्याचं म्हणणं, या संगीतात बोटं बघायची असतात, टेबल मधोमध ठेवा आणि लोक गोल बसवा. ती म्हणाली, मग निम्म्यांना पाठ दिसेल, पाठीत बघायला यायचं का मेट्रो बदलून. मोहसीनने संदेशची बाजू घेतली, श्रावणीने निशिगंधाची. पंखेवाल्याने विचारलं, मधोमध टेबल तर वायर पंख्याखालून नेणार कोण. यावर वायरवाला चिडला. मराठी, हिंदी, तेलुगू, तिन्ही भाषांत मिळून चार दिवसांत दोनशे अठरा मेसेज. त्याआधीच्या दोन महिन्यांत त्या ग्रुपवर फक्त अंगठे दिसत.

"कोण कोण भांडतंय?" सुलभाताईंनी गॅस बारीक केला.

"सगळेच. सोळा-सतरा जण."

"नावानिशी?"

"हो, आता सगळ्यांना सगळ्यांची नावं माहीत आहेत. दुर्दैवाने."

"मग बूट काढ आणि हात धू. भांडलेला माणूस घरी बसत नाही. आपलं खरं झालं का ते बघायला तरी येतो."

चूक आपली होती हे त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवशी शेवग्याच्या शेंगांच्या आमटीत मीठ दोनदा पडलं, आणि ती ओमकारने दुप्पट भात घेऊन संपवली.

तिसऱ्या रविवारी सुलभाताई एक वाजताच हॉलवर पोचल्या. कुलुपापाशी निशिगंधा आणि संदेश आधीच उभे होते, दोघांच्या हातांत एकेक मोजायची टेप. दोघंही दुसऱ्याच्या आधी पोचायला म्हणून आले होते. दीड वाजता मोजमाप करता करता त्यांच्यात तह झाला: टेबल मध्यापासून हातभर सरकवायचं आणि सतरंज्या घोड्याच्या नालेसारख्या. पाठ कुणाचीच दिसायची नाही. दोन वाजता मोहसीन टेबलाएवढं सामान घेऊन आला, आणि सामान उचलायला चुलतभाऊ. चहावालीने बहीण आणली. वायरवाल्याने वायर धरायला ऑफिसातला मित्र. कामाचा माणूस एकटा येत नाही, हे सुलभाताईंना माहीत होतं, पण तो सोबत एवढी माणसं आणतो हे त्या विसरल्या होत्या. तीनला पाच मिनिटं असताना श्रावणीच्या वहीत सव्वीस नावं होती.

हिम्मतराव बरोबर तीनला आले. वही मागितली, बोट लावून नावं मोजली, मग हॉलभर फिरून माणसं मोजली. हा काय करतो, ती काय करते, असं प्रत्येकापाशी थांबून विचारलं. परत येऊन वही मिटली.

"सुलभाताई, घोळ आहे. हे सगळे कार्यकर्ते आहेत. श्रोता एकही नाही."

ओमकारचा हात टेबलावरच्या गेमवर तसाच राहिला. घोड्याच्या नालेत बसलेली सगळी मंडळी हिम्मतरावांकडे पाहू लागली.

सुलभाताईंनी चष्मा पुसला. "हिम्मतराव, गेल्या महिन्यात आपलं सुगम संगीत झालं. बॅजवाले कार्यकर्ते किती होते?"

"एकेचाळीस."

"आणि बिनबॅजचे?"

हिम्मतरावांनी मनात हिशेब केला. तो फार वेळ चालला नाही. "सात," ते म्हणाले. "त्यातले दोन गायिकेच्या घरचे."

"मग ठराव लिहू?"

"लिहा," हिम्मतराव म्हणाले, आणि वहीवर सही करून ते जायच्याऐवजी खुर्ची ओढून बसले. अर्ध्या तासाने मोहसीनच्या टेबलाशी वाकून एक उघडलेला गेम पाहत होते. "याच्यात आवाज चारच?" ते विचारत होते. "चार माणसांत आमचं कधी एकमत झालं नाही."

पाच वाजता कार्यक्रम संपला, आभार मानून झाले, तरी जिना अडलेलाच होता. सगळे पायऱ्यांवर बसून उस्मानिया बिस्किटं चहात बुडवत पुढच्या महिन्याचं भांडत होते. निशिगंधा नालेचा वाक कमी करा म्हणत होती, संदेश वाढवा म्हणत होता. सुलभाताई पर्स काखोटीला मारून वाट काढत खाली उतरल्या.

ओमकार मागून आला. "मावशी, तू हो पुढे. मी जेवायला नाही आज, मोहसीनच्या घरी चाललोय आम्ही पाच-सहा जण. आणि बदलीचं, नको म्हणून कळवलंय."

"कधी?"

"सकाळीच. इथे यायच्या आधी."

सुलभाताईंनी मनातल्या मनात तारीख-वेळ लावून पाहिली. सकाळी म्हणजे सव्वीस नावं भरायच्या आधी. त्यांनी लगेच कामाचं काढलं. "पुढच्या वेळी मी दीडला येते. दार उघडायला."

"नको, किल्ली हिम्मतराव देतायत श्रावणीला. सगळं वाटून झालंय." तो हसला. "तू नुसती ऐकायला ये. त्यांनी मगाशी म्हटलं ना, श्रोता एकही नाही. ती जागा रिकामी आहे."

कार्यवाहपदाच्या चौदा वर्षांत सुलभाताई एकाही कार्यक्रमाला नुसत्या बसल्या नव्हत्या. चिक्कडपल्लीच्या वाटेवर त्यांनी भाजी घेतली, एकाच माणसापुरती, आणि पिशवी हातात धरून मनात हिशेब मांडू लागल्या. नुसतं ऐकणाऱ्याने कुठे बसावं, कितीदा मान हलवावी, टाळी आधी वाजवावी की सगळ्यांबरोबर. यातलं काहीच कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. तेव्हा हेही आपल्यालाच बघावं लागणार, असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या जरा झपाझप चालू लागल्या.