यादीतली एकच डिस्क

विबे होक्समाला काम करताना शेजारी कोणी बसलेलं खपत नसे. बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात तो साहेब होता, तेव्हा लोक दारावर टकटक करूनच आत येत. निवृत्त झाल्यावर तो महिन्यातून एका शनिवारी गावच्या सभागृहात दुरुस्तीच्या टेबलावर बसू लागला, आणि तिथला रिवाज नेमका उलटा निघाला. वस्तू ज्याची, त्यानं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसायचं, बघायचं, जमेल तिथे हातही लावायचा. दुरुस्ती फुकट, कॉफी फुकट, केक रूलीच्या हातचा. टोस्टर, दिवे, शिलाई मशिनं, सगळं मालकांसकट येई. विबेच्या मते हा सगळा पोरखेळ होता, पण रूली सगळा कारभार बघायची आणि तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

त्या शनिवारी यांतीन ओस्टिंग लॅपटॉप घेऊन आली. गाव तिला सिस्टर म्हणतं. उभा जन्म तिनं सायकलवरून घरोघर जाऊन इंजेक्शनं दिली, जखमा बांधल्या. विबेच्या आईला शेवटी शेवटी आंघोळ घालायला तीच यायची. नोकरी संपल्यावर तिनं रेकॉर्डर घेतला आणि म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसू लागली. दलदलीतून जळणाची माती कशी काढायचे, कोण कोणाबरोबर पळालं, सगळं त्यांच्या गावठी बोलीत टिपलेलं. त्यातले बहुतेक आता चर्चच्या मागे मातीखाली आहेत.

"विबे, हा माझा म्हातारा," तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. "चालू होईपर्यंत माझी आंघोळ, न्याहारी आणि पेपर उरकतो. तू फोनवर म्हणालास तसं सगळं, म्हाताऱ्यांची रेकॉर्डिंगंसुद्धा, या डबीत भरून ठेवलंय." डबी म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. तिची वायर लॅपटॉपला लावलेलीच होती.

"छान. मग आतलं पुसू आणि सिस्टीम नव्यानं टाकू."

"आतलं मीच पुसून आणलंय. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली."

"ते कशाला, सिस्टर?"

"म्हणजे काय! लोकांपुढे असला पसारा मांडायचा? मला लाज नाही का?"

विबेला याचं नवल वाटलं नाही. या गावातल्या बायका झाडूवाली यायच्या आधी घर झाडून ठेवतात.

ती शेजारी बसली आणि प्रश्न सुरू झाले. हे निळं काय, ते काय विचारतंय, आता का थांबलं. विबेनं थोडा वेळ सोसलं.

"सिस्टर, कॉफी घेऊन या ना. सफरचंदाचा केक संपेल."

"पण शेजारी बसायचं असतं ना?"

"ते टोस्टरवाल्यांसाठी."

ती हसत उठली. विबेनं हुश्श केलं आणि पेन ड्राइव्हवरून सेटअप पुढे नेला. सिस्टीम कुठल्या डिस्कवर टाकू, असं सेटअपनं विचारलं. यादीत एकच डिस्क होती. लॅपटॉपमध्ये असतेच एक. तिचा आकार असायला हवा त्याच्या दुप्पट होता आणि ते विबेला दिसलंही. घेतली असेल मोठी बसवून, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग त्या डिस्कचा भाग पुसला, धोक्याच्या सूचनेला हो म्हटलं आणि नवा भाग केला.

तेव्हा सेटअप म्हणाला, ही डिस्क बाहेरून वायरनं जोडलेली आहे, हिच्यावर सिस्टीम बसणार नाही.

विबेनं डबीकडे बघितलं. त्यानं वायर काढली. यादी रिकामी झाली.

आतली डिस्क सेटअपला मुळात दिसतच नव्हती. काही लॅपटॉपांत तसं होतं. डिस्क ओळखायला सेटअपला एक छोटा प्रोग्रॅम वेगळा द्यावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हे विबेनं बँकेत कितीतरी पोरांना, टिंगल करत करत, शिकवलं होतं. त्यानं आपल्या मशिनवर ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर घेतला, सेटअपला दिला, आणि आतली डिस्क मुकाट्यानं यादीत आली. सिस्टरनं स्वतःच्या हातानं लख्ख करून आणलेली. त्यानं तिच्यावर नवी सिस्टीम बसवली, आता तिच्यातून काही मिळण्यासारखं नव्हतं.

डबीतलं मात्र बरंचसं परत मिळण्याजोगं होतं. भाग पुसला की फक्त कुठे काय आहे त्याची नोंद जाते, माल तिथेच राहतो, वर दुसरं काही लिहिलं नाही तर. हेही विबेला माहीत होतं. फक्त 'सिस्टर, माझी चूक झाली' एवढं म्हणायचं होतं.

गप्पांत तासभर रमलेली सिस्टर त्याच्यासाठी कॉफी आणि केकचा मोठा तुकडा घेऊन आली. नवी सिस्टीम चालू झाली होती. तिनं हौसेनं डबी जोडली.

"अगंबाई, हे तर रिकामं आहे."

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून बघू लागले. विबेनं बोलायला तोंड उघडलं.

"कॉपी नीट झाली होती ना, सिस्टर? कधी कधी आपल्याला नुसतं वाटतं, झाली म्हणून."

आपण खोटं कुठे बोललो, आपण तर विचारलं, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण ते खोट्याहून वाईट होतं आणि त्याला ते पुरतं ठाऊक होतं.

"मी बघितलं होतं," सिस्टर म्हणाली. "दोनदा बघितलं. की नव्हतं बघितलं?" तिनं कपाळ चोळलं. "आईचं असंच सुरू झालं होतं."

"काहीतरीच बोलता," रूली म्हणाली. "मीसुद्धा चष्मा डोळ्यावर ठेवून शोधत असते."

"वय झालं की व्हायचंच," दिवे दुरुस्त करणारा पलीकडून बोलला.

विबेनं डबीची वायर गुंडाळली. "डबी माझ्याकडे राहू दे," तो शेवटी म्हणाला. "काही निघतंय का बघतो."

"किती रे करतोस माझ्यासाठी!" सिस्टरनं त्याचा हात दाबला. विबेचे कान तापले. पुढ्यातला केक त्यानं तसाच ठेवला.

घरी त्यानं सगळं परत मिळवलं. नावं तेवढी गेली होती, फायलींवर नुसते आकडे उरले होते. आज जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणत तो गेला मात्र नाही. मग दुकानात रूली भेटली. सिस्टरनं गाडी चालवणं सोडलं म्हणे. तिच्या मुलीनं, आनेमीकनं, किल्ली नेली. डॉक्टरांकडे डोक्याची तपासणी ठरलीय, आणि वृद्धाश्रमात खोलीसाठी नावही घातलंय. विबेनं हातातली टोपली तिथेच ठेवली आणि सायकल सिस्टरच्या घराकडे वळवली.

तिच्या स्वयंपाकघरात जागोजागी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. गॅस. मागचं दार. गोळी. तिनं गावच्या रिवाजाप्रमाणे डब्यातून एकच बिस्किट काढून त्याच्या बशीत ठेवलं आणि झाकण लावलं.

"मिळालं सगळं," विबे म्हणाला. "फक्त कोणाचं काय ते कळत नाही." त्यानं एक फाइल लावली. कोणी म्हातारा खोकला.

"आल्बर्ट!" म्हाताऱ्यानं तोंड उघडायच्या आधीच सिस्टर म्हणाली. "मागे घड्याळ ऐकू येतंय ना, ते त्याच्या बायकोच्या माहेरचं, कायम पुढे. त्यानं मला वाटाण्याचं सूप पाजलं आणि त्याचं कुत्रं माझा मोजा घेऊन पळालं. पुढची लाव."

पुढचीही तिनं ओळखली. त्याच्या पुढचीही. तिचे डोळे चमकत होते.

"सिस्टर, तुमची आठवण माझ्यापेक्षा पक्की आहे."

"जुनं राहतं रे. जातं ते कालपरवाचं. मी नर्स होते, मला नको शिकवूस." तिचा आवाज खाली आला. "कॉपी करताना पडद्यावरची हिरवी पट्टी भरत गेली, ती मला अजून स्वच्छ दिसते, विबे. आणि तसं झालंच नव्हतं. जे घडलं नाही ते दिसायला लागलं, की माणसानं समजून घ्यावं."

"घडलं होतं." विबेची मान वर होईना. "कॉपी झाली होती. डबी मी पुसली. तुम्ही कॉफी आणायला गेलात तेव्हा. यादीत एकच डिस्क होती, आकार जुळत नव्हता, तरी मी पुसली. आणि मग सगळ्यांसमोर तुमच्यावर ढकललं. मला लाज वाटली, म्हणून."

ती आता ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रोज रात्री मी मागच्या दाराशी जाऊन बघते," ती म्हणाली. "लावलेलं असतं. तरी परत जाते."

"मी सगळ्यांना सांगतो. शनिवारी, सगळ्यांसमोर."

"शनिवारी कशाला?" ती उठली, फोन आणला आणि नंबर लावला. "मी सांगितलं तर आनेमीक म्हणेल, आई आता असलंही रचायला लागली. तू सांग."

विबेनं फोन कानाला लावला. पलीकडून मुलीनं आपलं नाव सांगितलं.

"मी विबे होक्समा. तुमच्या आईच्या घरून बोलतोय."

"काय झालं तिला?" मुलगी घाबरली. "पुन्हा काही विसरली का?"

"नाही," विबे म्हणाला. "त्या काहीच विसरल्या नव्हत्या."