पाठीमागचं पाणी

वाहत्या गंगेत हात धुवायला कोणाला नको असतं? आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ एक समुद्री प्रवाह किनाऱ्यापासून थोडा दूर, त्याला समांतर नैऋत्येकडे धो धो वाहतो. जहाज त्यात शिरलं की इंधन वाचतं, वेळ वाचतो, मालक खूश. बेलापूरच्या ऑफिसात बसून जहाजांना वाटा सुचवणाऱ्या अबोलीने सकाळी कॅप्टन नजीबना तोच प्रवाह सुचवला होता. वारा तेव्हा पाठीमागून होता. तो उद्यापर्यंत काही फिरत नाही, असा तिचा हिशेब.

तो दुपारीच फिरला. आता वारा आणि लाटा समोरून, पाणी पाठीमागून. सीवूड्सच्या मॉलमध्ये उतरत्या सरकत्या जिन्यावर कार्टी उलटी चढायला जातात, पुढची अडतात, मागची त्यांच्यावर आदळतात आणि ढीग होतो. तसंच हे. प्रवाहाच्या उलट येणाऱ्या लाटा आखडतात, उंच होतात, आणि त्यातली एखादी अशी उठते की तिच्यापुढे खड्डाच पडतो. जहाज आधी खड्ड्यात, मग लाट वरून. जहाजावर वीसेक माणसं होती. अबोलीची पाचावर धारण बसली.

तिने सॅटेलाइट फोन लावला. "कॅप्टनसाहेब, प्रवाहातून बाहेर पडा. किनाऱ्याकडे सरका, तिथे प्रवाहाला जोर नाही."

"अशा हवेत किनाऱ्याकडे?" नजीब मूळचे उरणचे, उभा जन्म पाण्यावर गेलेला. "मॅडम, खवळलेल्या दर्यात किनारा दुश्मन असतो. आणि सकाळी तुमीच इथे घातलंत ना? आता काय झालं?"

मॅनेजर आशुतोष शेजारीच उभा होता. "लाइन रेकॉर्ड होते," तो कुजबुजला. "वारा बदलला, एवढंच बोल. आपल्या गळ्यात काही घेऊ नकोस."

"वारा बदललाय," अबोली म्हणाली.

"तो मला पण दिसतोय. मालकाला जहाज टायमावर पोचलेलं पायजे. नीट कारण द्या, नायतर फोन ठेवा."

तिला आशुतोषचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. "कारण मी चुकले!" ती जवळजवळ ओरडलीच. "वारा उद्या फिरेल असं धरलं मी. माझं चुकलं, कॅप्टनसाहेब. तिथे राहिलात तर जहाज मोडेल. वळा!"

 वाऱ्याच्या आवाजातच पलीकडे नजीबनी कोणाला तरी जहाज उजवीकडे घ्यायचा हुकूम दिला, आणि लाइन तुटली.

"काय केलंस हे?" आशुतोष म्हणाला. अबोलीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. स्क्रीनवरचा जहाजाचा ठिपका किनाऱ्याकडे इंचाइंचाने सरकत होता. ती देव पाण्यात घालून बसली.

संध्याकाळी फोन वाजला. "बाहेर पडता पडता एक आलीच," नजीबचा आवाज बसला होता. "पुढचं रेलिंग उपटून नेलं. आत असतो तर... जाऊ दे. माणसं सगळी हायत."

अबोलीला रडू आवरेना. "ऐकलंत तुम्ही माझं," ती कशीबशी म्हणाली.

"अगं, लाइन रेकॉर्ड होते ते मला बी म्हाईत हाय. मनात म्हटलं, ही पोरगी नोकरीवर पाणी सोडते, म्हणजे समोरचं पाणी खरंच वाईट असनार."