पुट्टीच्या साखळीची पिवळी चिंधी

“काय रे रघुपती, कुत्रीची मुंज केलीस की लग्न?”

हयवदनरावांनी हे रस्त्याच्या पलीकडून विचारलं, चामराजपेटेतल्या त्या गल्लीत प्रत्येक ओट्यावर हशा पोचावा अशा बेताने. तो पोचला. हयवदनराव हेडक्लार्क म्हणून पेन्शनीत निघाले होते. अशा माणसाला रागवायला हाताखाली कोणी उरत नाही, मग तो गल्लीला हाताखाली घेतो.

रघुपती शिंपी जागच्या जागी थांबला. पुट्टी त्याच्या पायांमागे दडली. तिच्या साखळीला वीतभर पिवळ्या कापडाची पट्टी बांधली होती.

“तसं नव्हे, राव. ही भित्री आहे. अंगाशी कोणी आलं की दात काढते. म्हणून खूण केली. पिवळं दिसलं की स्वल्प लांबून जायचं, एवढंच.”

“हे कुठल्या शास्त्रात आलंय?”

“रेसकोर्सवर बघितलं. तबेल्यातल्या घोड्यांच्या झुली मी शिवतो ना. लाथ मारणारा घोडा असला की शेपटीला लाल फीत बांधतात. कोणी मागून जात नाही. माझ्याकडे लाल तुकडा नव्हता. देवळाच्या पताका शिवून हा उरला होता.”

“म्हणजे रेस खेळतोस तू!” हयवदनराव म्हणाले, आणि रेसकोर्स हा एकच शब्द कानात धरून घरात गेले. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की शिंपी घोड्यांवर पैसे लावतो. चिंधी कशासाठी आहे हे मात्र कोणालाही कळलं नाही.

रघुपतीला उत्तर देता येत नसे. “सरी, राव,” “सरी, अक्का,” म्हणजे ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं,’ यातच त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बाही तोकडी झाली तरी सरी, कापड गिऱ्हाइकानेच कमी दिलं असलं तरी सरी. बायको गेली तेव्हा लोक म्हणाले, बरं झालं, मूलबाळ नव्हतं. त्यालाही तो सरी म्हणाला होता.

पुट्टी त्याच्याकडे आली ती राजलक्ष्मीअक्कांच्या कृपेने. अक्का महिला भजनी मंडळाच्या अध्यक्षा. सोवळ्यात खिडकीशी उभ्या असताना खाली एक कुत्री वाळवणाकडे बघते आहे असं त्यांना दिसलं, आणि त्यांनी तांब्याभर उकळतं पाणी तिच्या पाठीवर ओतलं. कुत्री किंचाळत रघुपतीच्या दुकानात शिरली आणि शिवणाच्या मशीनखाली जाऊन बसली. रघुपतीने कित्येक दिवस तिच्या पाठीला खोबरेल लावलं. जखम भरली, केस मात्र परत आले नाहीत. हातात भांडं घेऊन कोणी जवळ आलं की तिचं सगळं अंग थरथरायचं.

अशाच एका थरथरीत तिने हयवदनरावांच्या धोतराचा सोगा फाडला होता. तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, “आता एकाला जरी चावली ना, तर म्युनिसिपालिटीची गाडी बोलावतो.” त्या गाडीतून गेलेली कुत्री परत येत नसत. म्हणून ती साखळी, आणि म्हणून ती चिंधी.

मार्गशीर्ष लागला. खंडोबाच्या नवरात्रात गल्लीत मांडव पडला, नरसिंहबुवांची कीर्तनं सुरू झाली. बुवांचा आवाज असा, की झांजेच्या आधी काळीज वाजावं. भूतमात्रात देव कसा भरला आहे हे ते सांगू लागले की पुढे बसलेल्या अक्का पदराने डोळे टिपत आणि हयवदनराव मान डोलवत. घरी जाताना दोघंही देवळाच्या पायरीवरच्या कुत्र्याला चप्पल दाखवून जात. यात बुवांचा काही दोष नव्हता. पालथ्या घड्यावर गंगा ओतली तरी ती बाहेरूनच वाहणार.

चंपाषष्ठीला देवाच्या कुत्र्याला नैवेद्य घालायचा असतो. वर्षभर दगड खाणारी जात त्या एका सकाळी एकदम पूज्य होते. गल्लीतली कुत्री मात्र माणसांना ओळखून होती. हातात ताट घेऊन येणाऱ्या बायका बघून ती पळाली. आणि तेवढ्यात पुट्टीला घेऊन रघुपती समोरून आला.

“अय्यो, बघा गं! पिवळं बांधलंय!” अक्का ओरडल्या. “भंडाऱ्याचा रंग! खंडोबाचीच ही!”

“मी म्हणालोच होतो,” हयवदनराव म्हणाले. ते असं काहीही म्हणाले नव्हते. “रघुपती, देवाला सोडलीस तर सांगायचं नाही का रे? पताकेचंच कापड आहे ते, मला ठाऊक आहे!”

“नाही हो, राव. ती खूण लांब राहायची आहे. अक्का, जवळ नका येऊ.”

“किती लाजतोस रे! पुण्य एकट्यानेच घेणार का?”

जी खूण बघून माणसांनी मागे व्हायचं, तीच बघून सगळी गल्ली पुढे सरकली. कोणी भंडारा उधळला, तो पुट्टीच्या डोळ्यांत गेला. कोणी मागून शेपटीला हात लावून तो कपाळाला लावला. रघुपती “नका, नका” म्हणत होता, आणि त्याचं “नका” त्याच्या “सरी”सारखंच ऐकू येत होतं. पुट्टीची पाठ भिंतीला लागली. मागे जायला जागा राहिली नाही.

राजलक्ष्मीअक्का पुढे आल्या. एका हातात रोडगे होते, दुसऱ्या हातात वांग्याच्या भरिताचं वाफाळतं पातेलं.

“ये गं माझी बाई. खा.”

पुट्टीने वाफ बघितली आणि तो हात बघितला. तिच्या घशातून आवाज आला आणि ती उसळली. त्याच क्षणी रघुपतीने आपला उजवा हात मध्ये घातला.

पातेलं पडलं. बायका किंचाळून मागे सरल्या. पुट्टीचे दात रघुपतीच्या तळहातात रुतले होते. त्याने हात ओढला नाही. “झालं, पुट्टी, झालं,” असं म्हणत तो खाली बसला, तेव्हा तिनेच तोंड सोडलं आणि रक्त चाटू लागली.

“पिसाळली!” हयवदनराव ओट्यावर चढून ओरडले. खंडोबाची कुत्री एका श्वासात पिसाळली होती. “गाडी बोलवा! मी साक्ष देतो!”

“कसली साक्ष?” रघुपती उठला. आवाज नेहमीचाच होता, फक्त त्यात सरी नव्हतं. “माझी कुत्री मला चावली. तक्रार करायची तर मी करणार. मला करायची नाही.”

“अरे, अक्कांना चावली असती!”

“अक्कांनी हिला भाजली तेव्हा कुणी गाडी बोलावली होती?” त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं. “देव हिच्यात दिसला म्हणता. मग तो घाबरलाय हे कसं दिसलं नाही? हिला शिवायचं नाही. मलाही नाही. लांब राहा, सगळे लांब राहा.”

तो पुट्टीला घेऊन दुकानाकडे चालू लागला. तो गेल्यावर लोक बरंच बोलले.

दुपारीच अक्कांच्या मंडळातल्या बायका शिवायला टाकलेले झंपर परत घेऊन गेल्या. त्या दाराबाहेरूनच हात लांब करत होत्या. रघुपतीच्या उजव्या हाताला पट्टी होती, कात्री धरता येत नव्हती, तेव्हा तसंही कापायचं काय होतं! इस्पितळात पोटात इंजेक्शनं घ्यायला सांगितलं होतं.

संध्याकाळी शेवटचं कीर्तन. मांडव इतका भरला की माणसं रस्त्यावर बसली. रघुपती आला आणि कडेच्या सतरंजीवर बसला. पुट्टी साखळीसकट शेजारी. बघता बघता लोक सरकले. दाटीवाटीच्या त्या मांडवात त्याच्याभोवती दोन माणसं निजतील एवढी सतरंजी मोकळी झाली. बुक्का लावत फिरणारा माणूस सगळ्यांच्या कपाळांना बोट लावत आला, आणि त्याच्यापाशी येऊन वळून गेला.

पूर्वरंग संपला. गळ्यातला हार सावरत नरसिंहबुवा स्वतः खाली उतरले. त्यांनी बुक्क्याची वाटी घेतली आणि माणसांमधून वाट काढत त्या मोकळ्या जागेच्या कडेला येऊन थांबले.

“जवळ येऊ, की इथूनच?” त्यांनी विचारलं.

रघुपतीने पुट्टीकडे पाहिलं. “स्वल्प तिथूनच, बुवा.”

बुवांनी वाटी सतरंजीवर ठेवली, हात जोडले आणि परत गेले. रघुपतीने डाव्या हाताने बुक्का लावून घेतला.

उत्तररंग सुरू झाला. टाळ्या वाजू लागल्या. रघुपतीला टाळी वाजवता येत नव्हती, म्हणून तो डाव्या हाताने मांडीवर हळूच ठेका धरत होता. पुट्टी आधी पोटावर बसली होती. मग ती कुशीवर कलंडली, चारी पाय लांब केले, आणि एवढ्या माणसांत पहिल्यांदाच झोपली.