खाणीच्या उतारावरची कॉइल

मित्रांनो, माझ्या गंजक्या तोंडाकडे पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना इंडक्टन्स मीटर आहे. तारेची वेटोळी घातली की कॉइल होते. तिच्यातला प्रवाह बदलू लागला की ती त्याला विरोध करते. तो विरोध किती, ते मी आकड्यात सांगत असे.

दुकानात माझ्या शेजारी एक महागडे, दिमाखदार यंत्र होते. मला घेणारी बाई शिवणकाम करायची. फावल्या वेळात रेडिओ जोडायचा तिला नाद होता.

"स्वस्तातला आहे, पण लहान कॉइल नीट मोजेल ना?" तिने विचारले.

"मोजूनच बघा, ताई. आधी याच्या तारांची दोन्ही टोकं एकमेकांना लावून शून्य करा. हौसेला याहून जास्त लागत नाही."

दुकानदाराने दिलेल्या कॉइलचा आकडा मी बरोबर दाखवला आणि तिच्या घरी आलो. शिलाई मशीनशेजारी मला जागा मिळाली. तिचे वडील खाणीत क्रेन चालवत. कामावरून आले की माझ्याकडे बोट दाखवून विचारायचे, "काय म्हणतोय तुझा डॉक्टर?"

एके दिवशी खाणीचा उतार खचला आणि वडील ढिगाऱ्याखाली गेले. काही दिवसांनी शोधपथकाने हात टेकले. तेव्हा तिने धातू शोधणारे यंत्र बनवायला घेतले. त्याच्या कॉइलचा आकडा नेमका जमला तरच ते लोखंड ओळखणार होते. म्हणून बादलीच्या झाकणावर तार गुंडाळायची, मला लावायची, वेढा सोडायची, पुन्हा मोजायची.

"अगं, पुरे आता. काय लागणार हाती?" भाऊ म्हणाला.

"बाबांच्या पट्ट्याचं बक्कल लोखंडी आहे. ते तरी लागेल."

ते लागले. वडीलही मिळाले. आईला त्यांचा चेहरा कुणी पाहू दिला नाही.

त्यानंतर तिला आम्ही डोळ्यांसमोर नकोसे झालो. ते यंत्र पडवीत लटकले, मी सेलसकट पेटीत गेलो. सेल पाझरले. सेलला टेकणाऱ्या माझ्या आतल्या धातूच्या पट्ट्या हळूहळू कुरतडल्या गेल्या. मला ओरडता येत नव्हते.

काही वर्षांनी उतार पुन्हा खचला. एका खाणमजुराची बायको धावत दारात आली.

"ताई, माझा नवरा आत आहे हो! तुमचं ते यंत्र द्या."

यंत्राची तार उंदरांनी तोडली होती. तिने नवी गुंडाळली आणि मला बाहेर काढले. पाझरलेले सेल काढून रेडिओतले घातले. बटण दाबले. पुन्हा दाबले. सुईने पट्ट्या खरवडल्या. माझा पडदा काळाच राहिला. दरडीमुळे शहराकडचा रस्ता बंद होता. दुसरा मीटर आणणार कुठून? शेवटी तिने अंदाजाने वेढे घातले. उतारावर ते यंत्र नुसतेच घरघरत राहिले, दगडावरही आणि लोखंडावरही.

"तुम्ही केलंत तेवढं," ती बायको परतताना म्हणाली.

मित्रांनो, वस्तू नकोशी झाली तर खुशाल दूर ठेवा. पण ठेवताना तिच्यातले सेल तेवढे काढा. दुःखात कुणाला सुचत नाही, हे मला कळते. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ते काढावेत. तो खाणमजूर अजून त्या मातीखालीच आहे.