सगळ्या स्क्रीनवर एक ओळ

“एवढंसं तर काम आहे, कारिंदाश,” मुख्य डॉक्टर शार्शेनबेक म्हणाले. धाकट्या बहिणीला मारावी तशी ही हाक ते काम काढून घ्यायचं असलं की मारत. “तुझ्या त्या इमेजमध्ये हा प्रोग्रॅमही टाकून दे. कुणाला कळायचं कारण नाही.”

उमसुनायने टेबलावरच्या पेन ड्राइव्हला हात लावला नाही.

कोक-ताला गावच्या इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर ती एकटी सांभाळायची. दानात आलेली, जुनी खोकी. एकेकासमोर बसून सिस्टीम भरायची म्हटलं तर महिना जायचा. म्हणून तिने एक बूट इमेज, म्हणजे सगळ्या सिस्टीमचा एकच तयार साचा, स्वतः घडवली होती. रविवारी ती सर्व्हरवर ठेवायची. सोमवारी बटण दाबलं की प्रत्येक यंत्र ती तारेवरून मागून घ्यायचं आणि आपलं आपण नव्याने तयार व्हायचं. किरगीझ अक्षरांचा कीबोर्ड, औषधांच्या नोंदी, प्रिंटर, सगळं जागच्या जागी. तिने आत जे घातलं, ते सकाळी प्रत्येक टेबलावर हजर.

आता डॉक्टरांना त्यात हेर घालायचा होता. कोण काय टाइप करतंय, ते अक्षर न् अक्षर त्यांच्या खोलीत पोचवणारा.

गेल्या आठवड्यात वीज गेली. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं आणि काचेच्या पेटीतलं अपुऱ्या दिवसांचं एक बाळ थंड पडलं. डिझेल डॉक्टरांच्या जीपमध्ये जातं हे झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणीतरी एका बातम्यांच्या साइटला कळवलं.

“डिझेल आलं का?” उमसुनायने विचारलं.

“ते तू बघायचं नाहीस. आधी घरभेदी कोण ते कळू दे.”

तिने पेन ड्राइव्ह उचलला. न उचलून उपयोग नव्हता; शहरातून दुसरा कुणी येऊन गुपचूप तेच करून गेला असता.

कँटीनमध्ये तिने बात्मा एजेला सगळं सांगितलं. सगळे तिला एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणत; ती प्रसूती वॉर्डातली सगळ्यात जुनी सुईण. तिने चहाची वाटी खाली ठेवली.

“मीच कळवलं,” ती म्हणाली. “माझ्या हातांत गेलं ते लेकरू. तू टाक तो प्रोग्रॅम. माझ्यापायी तुझी नोकरी कशाला जायला हवी?”

“असलं मोठेपण मला नको, एजे,” उमसुनाय फणकारली. “मला आधीच पुरेसा राग आलाय.”

रविवारी तिने इमेज बांधली. प्रोग्रॅम घातला, सांगितला तसाच. आणि जिथे इस्पितळाचं बोधचिन्ह दिसायचं तिथे, कुणाला पुसता येणार नाही अशी, ठळक अक्षरांत एक ओळ घातली.

सोमवारी केसपेपरच्या खिडकीपासून प्रयोगशाळेपर्यंत सगळ्या स्क्रीन उजळल्या: ‘इथे तुम्ही जे टाइप कराल, ते मुख्य डॉक्टर वाचतात.’

डॉक्टरांनी तिला बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ती ओळ आत्ताच्या आत्ता काढ, म्हणाले.

“प्रोग्रॅम काढा म्हणा, दोन्ही काढते.”

“बदनामी आहे ही.”

“खोटं काय लिहिलंय त्यात, तेवढं सांगा.”

त्याऐवजी त्यांनी तिला चाव्या ठेवून निघायला सांगितलं. बारा वर्षांची नोकरी, आणि उठून दार उघडण्याचं सौजन्यही नाही. चाव्या तिने टेबलावर आपटल्या. हात कोटाच्या खिशांत कोंबले.

जाताना ती प्रसूती वॉर्डच्या दारात थांबली. त्या ओळीखाली बात्मा एजे दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून टाइप करत होती.

“काय करतेस, एजे?”

“वाचतोच आहे ना तो. मग लिहिते.”

स्क्रीनवर उमटलं होतं: ‘डॉक्टर, डिझेल अजून आलेलं नाही.’ खाली एजेने आपलं नाव घातलं, मग वडिलांचं. शेजारच्या टेबलावरच्या नर्सने मान वळवून ते वाचलं आणि आपला कीबोर्ड पुढे ओढला.